विद्युत्-अपघटनातील कालगणित : प्रस्तावना

अमुक इतका पदार्थ विद्युत्-अपघटनाने मिळवावयाचा असेल तर विद्युत्प्रवाह किती वेळ चालू ठेवावा लागेल, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एखाद्या प्रकरणाच्या अखेरीस, सूत्राखाली घातलेल्या चार-दोन उदाहरणांच्या रूपाने भेटतो. विद्यार्थी ते सूत्र पाठ करतो, दिलेले आकडे त्यात घालतो, उत्तराखाली दुहेरी रेघ ओढतो, आणि परीक्षा संपल्यावर त्याची आठवण ठेवण्याचे त्याला काही कारण उरत नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर ॲल्युमिनियमच्या कारखान्यातील धातू उपसण्याच्या वेळा ठरतात, तांब्याचे पत्रे टाकीतून केव्हा काढावयाचे याचा निर्णय होतो, यंत्राच्या सुट्या भागांवरील निकेलचा थर पुरेसा जाड झाला की नाही याचा निवाडा होतो, आणि हायड्रोजन हे इंधन म्हणून परवडेल काय याचा अंदाजही बांधता येतो, त्या प्रश्नाची अशी बोळवण व्हावी, हे मला नेहमीच खेदाचे वाटत आले आहे. प्रस्तुत पुस्तकाचा संकल्प त्या खेदातूनच झाला.

गणित म्हणून पाहिले तर त्यात अवघड असे काही नाही. हव्या असलेल्या मूलद्रव्याच्या ग्रॅमांना त्याच्या अणुभाराने भागावे, म्हणजे त्याचे मोल कळतात. एका अणूच्या निर्मितीस जितके इलेक्ट्रॉन खर्ची पडतात त्या संख्येने त्यास गुणावे. आलेल्या संख्येस ९६,४८५ ने गुणिले म्हणजे लागणारा विद्युत्भार कूलोममध्ये मिळतो, आणि त्यास प्रवाहाच्या अँपिअरांनी भागिले की सेकंद हाती येतात. मोरचुदाच्या द्रावणातून दोन अँपिअर प्रवाहाने एक ग्रॅम तांबे ऋणाग्रावर जमविण्यास या रीतीने १,५१८ सेकंद, म्हणजे २५ मिनिटे १८ सेकंद लागतात. परंतु तांब्याची पट्टी पॉलिश कागदाने घासून, धुऊन, वाळवून तोलावी, तेवढा वेळ प्रवाह चालवावा आणि ती पुन्हा तोलावी, तर वाढलेले वजन नेमके एक ग्रॅम क्वचितच भरते. पट्टीच्या क्षेत्रफळाच्या मानाने प्रवाह जास्त असेल तर तांबे घट्ट न बसता काळपट तांबड्या भुकटीसारखे साचते आणि धुताना पाण्याबरोबर निघून जाते. वाळविण्याच्या घाईत पट्टी फार तापविली तर तिच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि वजन खोटेच वाढते. प्रवाहमापकाचा काटा मध्यंतरी खाली उतरला आणि तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही, तर दोन अँपिअर हा आकडा केवळ कागदावर राहतो. गणिताने सांगितलेला काळ आणि घड्याळाने मोजलेला काळ यांच्यामधील या अंतरातच, माझ्या मते, विद्युत्-रसायनाचे बहुतेक सारे ज्ञान साठविलेले आहे. सबब ते अंतर ‘प्रायोगिक त्रुटी’ या सदराखाली निकालात काढणे म्हणजे विषयाच्या गाभ्याकडेच पाठ फिरविणे होय.

या शास्त्राचा आरंभ झाला तेव्हा ‘किती वेळ’ हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि विचारला असता तरी त्याचे उत्तर देण्याचे साधन कोणापाशी नव्हते. १८०० साली व्होल्टाने आपल्या घटमालेचे वर्तमान लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले, आणि त्याच वर्षी निकोल्सन व कार्लाइल यांनी अशा घटमालेच्या तारा पाण्यात सोडून त्याचे दोन वायूंत विघटन करून दाखविले. १८०७ मध्ये हंफ्री डेव्हीने पोटॅशियम व सोडियम हे धातू प्रथमच मोकळे केले आणि पुढच्याच वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम यांची त्यांत भर घातली. हा काळ आश्चर्याचा होता, मोजमापाचा नव्हे; घटमाला मिनिटागणिक मंदावत जाई, एकीची शक्ती दुसरीशी ताडून पाहण्याची सोय नसे, आणि मिळालेल्या धातूचा कण डोळ्यांना दिसला यातच संशोधकास धन्यता वाटे.

ही अवस्था पालटली ती मायकेल फॅरडे याच्या हातून. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना बांधावयास आलेली पुस्तके वाचून विज्ञानाकडे वळला, आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हीच्या हाताखाली रुजू झाला. १८३३-३४ च्या सुमारास त्याने एकाच मंडलात एकामागे एक अशी अनेक पात्रे जोडली. कोणात विद्युदग्रे मोठी तर कोणात लहान, कोणात आम्ल तीव्र तर कोणात सौम्य. तरीही प्रत्येक पात्रातून निघालेला हायड्रोजन सारखाच भरला. मग त्याने पाण्याच्या पात्राशेजारी वितळलेल्या कथिलाच्या क्लोराइडाचे पात्र जोडून जमलेले कथील तोलले, आणि हायड्रोजनच्या एका भागास कथिलाचे ५८ च्या आसपास भाग पडतात असे त्यास आढळले; तो आकडा रसायनशास्त्रज्ञांनी सर्वस्वी निराळ्या मार्गांनी काढलेल्या कथिलाच्या तुल्यभाराशी जुळत होता. येथे एक गोष्ट नवख्या वाचकाने विशेष ध्यानी घ्यावी. फॅरडेच्या नियमांत काळाचा उल्लेखच नाही. किती पदार्थ मिळेल हे किती विद्युत् वाहिली यावर अवलंबून असते, एवढेच ते नियम सांगतात. ती विद्युत् झरझर वाहिली की सावकाश, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. काळ या गणितात प्रवेश करतो तो प्रवाहाच्या व्याख्येतून, आणि म्हणूनच काळाचे गणित करणाऱ्यास प्रवाहाचे ज्ञान अगोदर पक्के असावे लागते.

बर्झेलियससारख्या अधिकारी रसायनज्ञालाही हे सहजासहजी पटले नाही. ज्या संयुगांतील आसक्ती भिन्न भिन्न बळाची आहे, त्यांची फारकत करण्यास सारखीच विद्युत् कशी पुरेल, असा त्याचा आक्षेप होता. आणि विद्युतेचे परिमाण व तिचा दाब यांतील भेद त्या काळी स्पष्ट झालेला नसल्याने तो आक्षेप वरकरणी बिनतोडही दिसे. संयुग फोडण्यास किती दाब हवा हे त्या संयुगाच्या बळावर ठरते, पदार्थ किती मिळणार हे मात्र परिमाणावरच ठरते. आजही व्होल्ट दुप्पट केले की वेळ निम्मा होतो असे मानणारे पुष्कळ विद्यार्थी आणि काही कारागीरही आढळतात. त्यांची चूक बर्झेलियसच्याच कुळातील आहे.

फॅरडे अणूंविषयी बोलताना संकोच करी. परंतु त्याच्या नियमांचा इशारा अणूंकडे होता, हे हेल्महोल्ट्झने १८८१ मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानात उघडपणे मांडले. पदार्थ कणरूप असेल तर विद्युत्ही कणरूपच असली पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष. स्टोनीने त्या विद्युत्कणास पुढे इलेक्ट्रॉन हे नाव दिले, मिलिकनने तेलाच्या थेंबांवरील प्रयोगांनी त्याचा भार मोजला, आणि एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण भार म्हणजेच फॅरडेचा स्थिरांक होय, हे निर्विवाद ठरले. मध्यंतरी तर गणिताची दिशाच उलटली होती. चांदीच्या नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदास ०.००१११८ ग्रॅम चांदी जमविणारा प्रवाह तो एक अँपिअर, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १८९३ मध्ये स्वीकारली आणि १९४८ पर्यंत तिचा अंमल राहिला; म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ प्रवाहाचे जागतिक माप तराजू आणि घड्याळ यांच्याच साह्याने ठरत होते. एडिसनच्या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये घरोघर वीज पुरविली तेव्हा प्रारंभी ग्राहकांच्या मीटरात जस्ताच्या पट्ट्या जस्ताच्या सल्फेटमध्ये बुडवून ठेवीत, आणि ठराविक मुदतीने त्या तोलून विजेचे बिल आकारीत. २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा भारच कायमचा नेमून दिल्यामुळे फॅरडेच्या स्थिरांकाच्या अचूकतेचा वाद आता उरलेला नाही.

वाद उरला तो निराळ्याच ठिकाणी, आणि त्यातूनच या शास्त्रातील प्रमुख संप्रदाय निर्माण झाले. पहिला संप्रदाय द्रावणाच्या अंतरंगात शिरला: १८०६ च्या सुमारास ग्रोटहुसने पाण्याच्या कणांची साखळी कल्पून विद्युत्वहनाचा उलगडा करू पाहिला, हिटॉर्फने निरनिराळे आयन निरनिराळ्या वेगाने चालतात हे दाखविले, आणि स्वीडनच्या अऱ्हेनियसने क्षार पाण्यात विरघळताच, प्रवाह सोडण्यापूर्वीच, आयनांत विभागला जातो हे प्रतिपादिले. १८८४ च्या ज्या प्रबंधात या विचाराचे बीज होते त्याला विद्यापीठाने यथातथाच श्रेणी दिली, आणि १९०३ मध्ये त्याच माणसास नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा संप्रदाय नेर्न्स्टचा. ऊर्जेच्या नियमांवरून कोणती विक्रिया किमान किती दाबास घडू शकेल हे त्याने सांगितले. हे दोन्ही संप्रदाय थोर खरे, पण घड्याळाकडे पाहणाऱ्या मनुष्यास सर्वांत निकटचा तिसरा: १९०५ मध्ये टाफेलने, आणि नंतर बटलर, फोल्मर व फ्रुमकिन यांनी, विद्युदग्राच्या पृष्ठभागावर विक्रिया किती वेगाने घडते आणि तो वेग वाढविण्यास दाबाची किती अधिक किंमत मोजावी लागते, याचे नियम शोधले. एकाच ऋणाग्रावर धातू जमणे आणि हायड्रोजन सुटणे या दोन विक्रिया जेव्हा एकाच प्रवाहावर हक्क सांगतात, तेव्हा कोणाच्या वाट्याला किती येईल हे या तिसऱ्या संप्रदायाशिवाय समजत नाही. आपल्याकडील अध्यापनात पहिले दोन भरपूर शिकविले जातात आणि तिसरा वगळला जातो, ही उणीव मला गंभीर वाटते.

प्रवाह स्थिर ठेवला आहे हे गृहीतही नेहमी खरे नसते. विश्लेषणाच्या कामी दाब नियंत्रित ठेवून द्रावणातील सर्व तांबे काढून घ्यावयाचे असते, तेव्हा द्रावण जसजसे विरळ होते तसतसा प्रवाह उतरत जातो. पहिल्या पाच मिनिटांत निम्मे तांबे निघाले तर पुढील पाच मिनिटांत उरलेल्याचे निम्मे, आणि अशा हिशेबाने हजारातील एकच भाग मागे राहीपर्यंत पन्नास मिनिटे लोटतात. येथे ‘सगळे तांबे किती वेळात निघेल’ या प्रश्नास उत्तरच नाही. किती शिल्लक राहिलेली चालेल हे अगोदर ठरवावे लागते, मग काळ सांगता येतो. उलटपक्षी प्रवाह काटेकोर स्थिर ठेवून, विक्रिया पुरी होण्यास लागलेल्या सेकंदांवरूनच अज्ञात पदार्थाचे वजन काढण्याची सुंदर रीत सेबेलेडी व शोमोज्यी या हंगेरियन रसायनज्ञांनी १९३८ मध्ये प्रचारात आणली.

कारखान्याकडे वळले की हेच आकडे अजस्र होतात. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांस न ओळखता, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून ॲल्युमिनियम काढण्याची एकच कृती शोधली. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यू १९१४ चा, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे. ॲल्युमिनियमच्या एका अणूस तीन इलेक्ट्रॉन लागतात, त्यामुळे तीन लाख अँपिअरांच्या भट्टीसही एक टन धातू देण्यास गणिताने ९ तास ५६ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात काही धातू पुन्हा द्रवात विरघळून धनाग्राकडील कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग पावतो आणि केलेली कमाई वाया जाते, म्हणून साडेदहा तासांचा अंदाज धरणे शहाणपणाचे. भारतात या रीतीने ॲल्युमिनियम निघू लागले ते १९४३ मध्ये, केरळातील आलुव्याजवळ. तांब्याच्या शुद्धीकरणात, ज्याचे पेटंट एल्किंग्टनने इंग्लंडमध्ये १८६५ साली घेतले, ऱ्हास निराळ्या कारणाने होतो. एक मीटर लांबी-रुंदीच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंवर चौरस मीटरास तीनशे अँपिअर या मानाने सात दिवस प्रवाह सोडला तर सुमारे ११९ किलो तांबे जमावे. परंतु पत्र्यावर कोठे गाठ वाढून समोरच्या धनाग्रास टेकली की प्रवाह त्या आडवाटेने निघून जातो आणि रसायनाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा संबंध अशा प्रचंड भट्ट्यांशी येणार नाही. भोसरी किंवा नाशिकच्या अंबड येथील एखाद्या प्लेटिंगच्या शेडशी मात्र येण्याचा संभव आहे, आणि या गणिताची खरी कसोटी तेथेच लागते. समजा, दोनशे चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या नगावर दहा मायक्रॉन निकेल चढवावयाचे आहे. घनतेवरून त्याचे वजन १.७८ ग्रॅम येते आणि आठ अँपिअर प्रवाहाने काळ १२ मिनिटे १२ सेकंद. निकेलच्या बाथमध्ये प्रवाहाचा शेकडा ९५ भाग कारणी लागतो असे धरले तर पावणेतेरा मिनिटांहून किंचित अधिक. त्याच नगावर मग अर्धा मायक्रॉन क्रोम द्यावयाचे झाले तर वाटते की काम चुटकीसरशी होईल, आणि तीस अँपिअरला गणित खरोखरच २७ सेकंद सांगते. पण जुन्या पद्धतीच्या क्रोमिक आम्लाच्या बाथमध्ये शेकडा पंधराच्या आसपासच प्रवाह धातूच्या वाट्याला येतो आणि बाकीचा हायड्रोजनच्या बुडबुड्यांत जातो, त्यामुळे नग जवळजवळ तीन मिनिटे टांगून ठेवावा लागतो. शिवाय येथे एका अणूस सहा इलेक्ट्रॉन लागतात, कारण क्रोमियम त्या आम्लात सहासंयुजी असते. तीनसंयुजी क्षार गृहीत धरणाऱ्याचे उत्तर सरळ निम्म्यावर येते. आणि इतके करूनही मिळालेली जाडी सरासरीचीच: जिगवर टांगलेल्या नगाच्या कडा व कोपरे अधिक प्रवाह ओढतात, खोबणी उपाशी राहतात. म्हणून अनुभवी कारागीर गणिताचा काळ प्रमाण मानतो, पण जाडी मोजतो ती खोबणीत. सहासंयुजी क्रोमियम कर्करोगास कारण होते, हेही येथेच सांगणे माझे कर्तव्य आहे. टाकीवर उभे राहण्याचे प्रत्येक अनावश्यक मिनिट कारागिराच्या फुप्फुसांतून वसूल होते, आणि योग्य काळ काढता येणे हा त्याच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

आजच्या घडीस या विषयास जे नवे महत्त्व आले आहे ते हायड्रोजनमुळे. भाक्राच्या विजेवर नांगल येथे पाण्याचे अपघटन करून खतासाठी हायड्रोजन, आणि १९६२ पासून त्याच्याच अनुषंगाने जड पाणी, आपल्या देशाने पूर्वीच काढले होते. कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था तर १९५३ पासून कार्यरत आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी देऊन २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हापासून मात्र हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. एक किलो हायड्रोजनला साधारण ९ कोटी ५७ लाख कूलोम लागतात. एका घटातून हजार अँपिअर सोडले तर त्यास साडेसव्वीस तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. पण तेच हजार अँपिअर एकापाठोपाठ जोडलेल्या शंभर घटांतून नेले तर सोळा मिनिटांत काम होते, कारण एकच प्रवाह प्रत्येक घटात आपले पूर्ण काम करतो. वेळ वाचला, पण दाब शंभरपट द्यावा लागला. विजेचे बिल तेवढेच राहिले. दर घटास दोन व्होल्ट धरले तर एका किलोस सुमारे ५३ युनिट वीज पडते, आणि यंत्रे कितीही सुधारली तरी फॅरडेच्या हिशेबातील कूलोम एकानेही कमी होत नाहीत; सुधारणेस वाव आहे तो दाबात आणि वाया जाणाऱ्या अंशात. हरित हायड्रोजनविषयी आश्वासने देणाऱ्यांची आणि ती ऐकणाऱ्यांची एवढी तरी समजूत पक्की असावी.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. जुने मराठी ग्रंथ हा विषय तुल्यभाराच्या भाषेत मांडीत, नवे मोल-इलेक्ट्रॉनांच्या भाषेत मांडतात. जुनी रीत तोंडी हिशेबास सोपी, पण एकच मूलद्रव्य भिन्न संयुजांत आले की ती नवशिक्यास चकविते, हे वर क्रोमियमच्या बाबतीत दिसलेच. म्हणून येथे सर्वत्र नवी रीत स्वीकारली असून तुल्यभाराची ओळख केवळ जुने ग्रंथ वाचता यावेत इतपत करून दिली आहे. प्रत्येक गणितात प्रथम विक्रिया, मग इलेक्ट्रॉनांची संख्या, मग कूलोम आणि सर्वांत शेवटी काळ हा क्रम कटाक्षाने पाळला आहे, आणि आदर्श काळाशेजारी प्रत्यक्ष काळ व त्या दोहोंतील तफावतीचे कारण दिल्याशिवाय एकही उदाहरण पुरे केलेले नाही. उच्च गणिताची अपेक्षा कोठेही नाही. बारावीच्या विद्यार्थ्यास आणि प्लेटिंगच्या शेडमधील पर्यवेक्षकास एकच पुस्तक पुरावे, हा हेतू काहींना महत्त्वाकांक्षी वाटेल; मला तो शक्य कोटीतील वाटतो, कारण दोघांची अडचण एकच आहे.

वाचकांस विनंती एवढीच की उदाहरणे नुसती वाचू नयेत. मोरचूद, तांब्याच्या दोन पट्ट्या, बॅटरी, प्रवाहमापक आणि बरा तराजू एवढ्या साहित्यावर निम्म्या पुस्तकाची रुजुवात करून पाहता येते; प्रवाह सोडण्यापूर्वी अपेक्षित काळ व वजन वहीत लिहून ठेवावे, आणि दर मिनिटाचा प्रवाह टिपावा. ज्या परीक्षांत स्थिरांक ९६,५०० धरण्यास सांगतात तेथे तो तसाच धरावा. ९६,४८५ धरून आलेल्या उत्तराशी त्याचा फरक तासाभराच्या गणितात अर्ध्या सेकंदाच्या आसपास पडतो.